जिंकला कोण आणि ठरवलं कुणी

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाच्या अखेरीला निवेदक रितेश देशमुखच्या शेजारी दोघं उरले होते. एक बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. रील्समुळे घराघरात पोचलेला, 'गुलीगत' आणि 'झापुक झुपूक' हे दोन शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसवणारा, पण घरातल्या वादावादीत मोठी भाषणं न ठोकणारा. दुसरा अभिजीत सावंत. मार्च २००५ मध्ये पहिला 'इंडियन आयडॉल' झालेला, प्रेक्षकांच्या एसएमएसनी रातोरात घडवलेला देशातला बहुधा पहिलाच एवढा मोठा तारा. त्या रात्री सूरज जिंकला, १४ लाख ६० हजार रुपये घेऊन गेला. ज्या कौलाने अभिजीतला एकोणीस वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलं होतं, त्याच कौलाने त्याला या वेळी दुसऱ्या नंबरवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात, ऑफिसात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच भांडण. एक पक्ष म्हणे, 'तो गेम खेळलाच कुठे?' दुसरा म्हणे, 'त्याने मनं जिंकली, तुम्हाला काय त्याचं?' गंमत अशी की दोघंही बरोबर होते. दोघं दोन वेगळ्या स्पर्धांबद्दल बोलत होते, एवढंच. रिअॅलिटी शो पाहणाऱ्यांच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे असतं, असं मला बरीच वर्षं हे कार्यक्रम पाहून वाटतं. कोण जिंकायला हवं होतं याचा वाद घालण्याआधी शेवटचं मत कुणाच्या हातात होतं हे विचारायला हवं. हरलेल्यांच्या, जाणकारांच्या की घरी बसलेल्यांच्या? ते हात बदलले की डाव बदलतो, विजेता बदलतो, आणि 'चांगला खेळाडू' या शब्दाचा अर्थही बदलतो.

हरलेल्यांच्या हाती मत देण्याची कल्पना या तिघांत सगळ्यात चमत्कारिक आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीची. ब्रिटिश निर्माता चार्ली पार्सन्सच्या डोक्यातून निघालेला हा खेळ १९९७ मध्ये आधी स्वीडनमध्ये झाला आणि २००० च्या उन्हाळ्यात 'सर्व्हायव्हर' या नावाने अमेरिकेत. मलेशियातलं पुलाऊ टिगा बेट, १६ माणसं, ३९ दिवस, १० लाख डॉलर. ठरावीक दिवसांनी सगळ्यांनी मिळून आपल्यातल्याच एकाला मत देऊन घालवायचं. इथपर्यंत ठीक. खरी मेख शेवटी आहे. त्या पर्वात अखेरीस दोघं उरले आणि त्यांतला विजेता कोण हे आधी हाकलल्या गेलेल्या सात जणांच्या ज्युरीने ठरवलं. म्हणजे ज्याचा गळा कापून तुम्ही वर चढलात, त्याच्याच हातून हार घालून घ्यायचा.

पहिल्या पर्वात सुरुवातीला बहुतेकांना हे खेळासारखं खेळायचं असतं हेच कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, जो जास्त राबेल, मासे धरेल, शेकोटी पेटवेल तो राहील. रिचर्ड हॅच या माणसाने मात्र चार जणांची मोट बांधली आणि दर वेळी चौघांनी एकाच नावावर चिठ्ठी टाकायची असं ठरवून टाकलं. समोरच्या गटात संतापलेले होते, भाबडे होते, आणि एक डॉक्टर तर असा होता की कुणाशीच वाकडं नको म्हणून वर्णानुक्रमे मतं देत होता. त्याच्या बाराखडीचा फायदा अर्थातच हॅचच्या चौकडीने उचलला. आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीत असे एक-दोन 'सगळ्यांशी चांगले' सदस्य असतातच, आणि त्यांचंही मत शेवटी कुणाच्या तरी खिशात जातं.

त्या पर्वातला एक क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. तिघं उरलेत: हॅच, निवृत्त नौसैनिक रूडी आणि तरुण केली. तिघांनी एका खांबाला हात लावून उभं राहायचं. जो शेवटपर्यंत टिकेल तो सुरक्षित, आणि उरलेल्या दोघांपैकी कुणाला सोबत न्यायचं हे त्याच्या हाती. हॅचने मध्येच स्वतःहून हात काढून घेतला! आळसाने नव्हे, हिशेबाने. रूडी सगळ्यांचा लाडका, त्याच्याशेजारी शेवटच्या फेरीत बसलो तर हरणार. त्याला टाकून केलीला नेलं तर दिलेला शब्द मोडणार आणि रूडीचं मत जाणार. केलीच जिंकली तर मात्र तीही रूडीला घाबरून मलाच नेणार. म्हणजे पाप तिच्या माथी, फायदा माझा. झालंही तसंच. रूडीचा हात चुकून सुटला, केली टिकली, तिने हॅचला नेलं, आणि घरी धाडलेल्या रूडीने शेवटी मत दिलं ते हॅचलाच. निकाल ४ विरुद्ध ३. त्या सात जणांतली सू नावाची ट्रक चालवणारी बाई उठून दोघांच्याही तोंडावर बोलली, एकाला साप म्हणाली, एकीला उंदीर, आणि सापाला मत दिलं. एका ज्यूररने तर दोघांना एकेक आकडा सांगायला लावला आणि आकड्यावरून मत दिल्यासारखं केलं. ३९ दिवसांच्या उपासमारीचा आणि शिष्टाईचा निकाल असा. अमेरिकेत तो भाग पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

तेव्हापासून 'सर्व्हायव्हर'च्या चाहत्यांत एक वाद पंचवीस वर्षं धगधगतो आहे: ज्युरीने खेळ पाहून मत द्यावं की माणूस पाहून? त्याचं मूर्तिमंत उदाहरण म्हणजे रसेल हँट्झ. २००९ च्या 'सामोआ' पर्वात त्याने खेळ अक्षरशः अंगावर घेतला. कुणीही इशारा दिलेला नसताना लपवलेल्या मूर्ती शोधून काढल्या, समोरच्या मोठ्या गटाला एकेक करून संपवलं. शेवटी ज्युरीपुढे बसला आणि ७ विरुद्ध २ मतांनी नॅटली व्हाइटकडून हरला. लगेच पुढच्या पर्वातही तो होता, कारण त्याचं चित्रीकरण 'सामोआ'चा निकाल जाहीर होण्याआधीच झालं. आपण हरलोय हे माहीत नसताना त्याने तोच खेळ पुन्हा खेळला, पुन्हा शेवटच्या तिघांत पोचला आणि या वेळी एकही मत मिळालं नाही. जिंकली सँड्रा डायझ-ट्वाइन, दुसऱ्यांदा. या बाईने दोन्ही पर्वांत मिळून एकदाही वैयक्तिक सुरक्षेची स्पर्धा जिंकली नव्हती. तिचं धोरण एका ओळीचं: आज जाणारं नाव माझं नसलं की झालं, कुणाचंही चालेल.

रसेलचे चाहते ज्युरीला 'कडवट' म्हणतात. मला तो युक्तिवाद कधीच पटलेला नाही. ज्या सात-नऊ माणसांची मतं शेवटी लागणार आहेत हे पहिल्या दिवसापासून माहीत असताना त्यांचे पाण्याचे कॅन ओतून द्यायचे, मोजे जाळायचे (दोन्ही त्याने केलं) आणि मग मतं का मिळाली नाहीत म्हणायचं, हा उत्तम खेळ नव्हे. अर्धा खेळ उत्तम आणि अर्धा वाया. माणसं घालवणं सोपं असतं. गेलेल्या माणसाने जाताना मागे वळून बरं म्हणावं, ही कला.

आता हाच खेळ उचलून प्रेक्षकांच्या हाती द्या. 'बिग ब्रदर' १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं, जॉन डी मोलच्या कल्पनेतून. घर बंद, कॅमेरे चालू, आणि निकाल जनतेकडे. २००० मध्ये अमेरिकेनेही तसंच केलं, पण तिथल्या जनतेने भांडकुदळ माणसं भराभर बाहेर काढली आणि घरात उरली ती सज्जन, शांत मंडळी. कार्यक्रम मिळमिळीत झाला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने नियम बदलला, मत घरातल्यांच्याच हाती दिलं आणि तिथून त्या देशाचा 'बिग ब्रदर' कारस्थानांचा आखाडा झाला. तिकडे २००० मध्येच ब्रिटनमध्ये निक बेटमन नावाच्या स्पर्धकाने कागदाच्या कपट्यांवर नावं लिहून इतरांना दाखवली, नॉमिनेशन कुणाला द्यायचं हे वळवायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या नंतरच्या पर्वांत ही गोष्ट म्हणजे सोमवारचं साधं काम. ब्रिटनमध्ये त्याला घराबाहेर काढलं, वर्तमानपत्रांनी त्याला खलनायक केलं, आणि त्याला सगळ्यांसमोर जाब विचारणारा क्रेग फिलिप्स पर्व जिंकला. क्रेगने बक्षिसाचे ७० हजार पौंड आजारी मैत्रिणीच्या शस्त्रक्रियेसाठी देऊन टाकले. एकच कृत्य एका देशात कौशल्य, दुसऱ्या देशात लबाडी. माणसाचा स्वभाव तोच होता, मतपेटी वेगळी होती.

आपलं 'बिग बॉस' ब्रिटनच्या वळणाचं. नॉमिनेशनवर आपसात चर्चा केली की शिक्षा होते. पण त्यात एक बारीक फरक आहे, आणि मला वाटतं तो फरकच सगळं घडवतो. ब्रिटनचे प्रेक्षक सुरुवातीला मत द्यायचे ते 'याला घालवा' म्हणून. आपण मत देतो ते 'याला वाचवा' म्हणून. क्रियापद एकच बदललं. समजा पाच जण आहेत आणि शंभर मतं. त्यातल्या एकाला तीस जणांनी डोक्यावर घेतलंय, उरलेल्या सत्तर जणांना तो डोळ्यांसमोरही नको. घालवण्याचं मत असेल तर तो पहिल्याच आठवड्यात बोचकं बांधतो. वाचवण्याचं मत असेल तर उरलेली सत्तर मतं बाकीच्या चौघांत वाटली जातात आणि हा तिसांच्या जोरावर वर बसतो. त्यामुळे आपल्याकडे आवडण्यापेक्षा ठळक असणं महत्त्वाचं. 'सेफ खेळतोय' ही या घरातली सर्वांत मोठी शिवी का, याचं उत्तर या गणितात आहे. स्पर्धक निक्की तांबोळीला मराठीच्या पाचव्या पर्वात रितेशच्या 'भाऊच्या धक्क्या'वर किती वेळा झापलं गेलं ते मोजणं मी सोडून दिलं होतं. ती शेवटच्या तिघांत होती.

पण म्हणून आपला प्रेक्षक डाव खेळणाऱ्याला शिक्षाच देतो, असंही नाही. २०१८ च्या पहिल्या पर्वात मेघा धाडे उघड उघड खेळायला आली होती, कार्यक्रमाची चाहती म्हणून तिला सगळ्या खाचाखोचा पाठ होत्या आणि ती ते लपवतही नव्हती. जिंकली. इथे ज्युरीच्या आणि जनतेच्या खेळातला मूळ फरक दिसतो. ज्युरीने माणूस जवळून पाहिलेला असतो, पण पाठीमागे काय चाललं होतं ते तिला ठाऊक नसतं. प्रेक्षकाला पाठीमागचं सगळं दिसतं, पण तेवढंच जेवढं संकलकाने तासाभरात बसवलंय. म्हणून ज्युरीच्या खेळात डाव लपवायचा आणि प्रेक्षकांच्या खेळात डाव दाखवायचा. डोळा मारून केलेली लबाडी माफ होते. एकट्याने कोपऱ्यात बसून केलेली मात्र कॅमेऱ्याच्या नजरेला दिसतेच, आणि मग ती चुगली ठरते.

शिव ठाकरेची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अमरावतीचा हा मुलगा 'रोडीज'मधून आला, २०१९ मध्ये मराठी 'बिग बॉस'चं दुसरं पर्व जिंकला आणि मग हिंदीच्या सोळाव्या पर्वात गेला. तिथे त्याने 'मंडली' नावाचा गट बांधला, टिकवला, रुसवेफुगवे काढले. गटातला पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन अनेकदा घरी जायची भाषा करायचा, त्याला समजावून थांबवणाऱ्यांतही शिव होताच. १२ फेब्रुवारी २०२३ ला शेवटचे दोघं उरले ते हेच. जिंकला स्टॅन. घरातल्या माणसांना मत असतं तर निकाल काय लागला असता याचा अंदाज मी बांधत नाही, पण शिवने चार-साडेचार महिने जे काम केलं ते घरातल्या मतदारांसाठी होतं, आणि घरात मतदार नव्हते. मतदार बाहेर होते, आणि त्यांच्या कानात स्टॅनची गाणी तो घरात जायच्या आधीपासून वाजत होती. घरात येतानाच मतं बरोबर घेऊन येणाऱ्यासमोर घरातला कष्टकरी हरतो, हे आता पर्वांमागून पर्वं सिद्ध होत आलं आहे.

प्रेक्षक मत देतो म्हणजे नेमकं काय देतो, याचं सगळ्यात मोठं प्रात्यक्षिक २००७ मध्ये झालं. 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात शेवटी दोघं: दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांतला शिपाई, आणि शिलाँगचा अमित पॉल. दार्जिलिंगच्या डोंगरात एसएमएससाठी वर्गण्या निघाल्या, लोक रात्र रात्र फोन लावत बसले. प्रशांत जिंकला. पुढे दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने नेपाळी माणसांची टिंगल केली आणि सिलिगुडीत दंगल पेटली. प्रशांतच्या पाठीराख्यांची संघटना बांधण्यात पुढे असलेले बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि डोंगरावरची सुभाष घिसिंग यांची वर्षानुवर्षांची सद्दी संपवली. तिकडे मेघालयात खासी आणि बिगरखासी यांच्यात इतकी वर्षं तेढ होती, तिथे एका बंगाली मुलासाठी सगळे एकत्र आले. हे सगळं गाण्याच्या स्पर्धेतून! त्या रात्री सूर कुणाचा जास्त पक्का लागला हा प्रश्न मला तरी त्यापुढे फारच किरकोळ वाटतो. ज्यांना एरवी कुणी विचारत नाही त्यांना एक मतपेटी सापडली होती आणि त्यांनी ती भरून टाकली. २००७ च्याच जानेवारीत ब्रिटनमध्ये शिल्पा शेट्टीला 'बिग ब्रदर'च्या घरात वंशद्वेषी वागणूक मिळाली, चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, आणि प्रेक्षकांनी अंतिम फेरीत ६३ टक्के मतं देऊन तिला जिंकवलं. तीही खेळाची पावती नव्हतीच.

मग जाणकार कशाला? परीक्षकांच्या खुर्चीचं काय?

१९९५ मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं तेव्हा सोनू निगम निवेदक होता आणि समोर बुजुर्ग बसायचे. गाणाऱ्याचे पाय लटपटायचे ते त्यांच्या भीतीने, हरण्याच्या नव्हे. तिथे प्रेक्षकाला मत नव्हतं, आणि त्याची कुणाला उणीवही भासली नव्हती. २००५ च्या सुमारास मोबाइल आले, मतं आली, आणि परीक्षकाचं काम हळूहळू बदलत गेलं. निकाल द्यायचा ते राहिलं बाजूला, आता निकालावर प्रतिक्रिया द्यायची. डोळे पुसायचे, खुर्चीवर उभं राहायचं, एकमेकांशी भांडायचं. आपल्याकडे 'एकापेक्षा एक'मध्ये सचिन पिळगावकर यांना 'महागुरू' ही पदवी दिली गेली तेव्हाच खुर्चीचं पात्र झालं होतं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये स्पर्धा म्हणून सुरू झाली. पुढे स्पर्धा विरून गेली, पण प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर खुर्चीवर राहिलेच, कारण त्यांनी हसणं हा कार्यक्रमाचा भाग आहे. हे मी तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. नाट्यगृहात शेजारचा हसला की आपल्यालाही हसू येतं, टीव्हीवर तो शेजारी खुर्चीवर बसवलाय इतकंच.

परीक्षक आणि जनता यांचं वाजतं तेव्हा मात्र मजा येते. २००५ च्या 'फेम गुरुकुल'मध्ये काश्मीरच्या काझी तौकीरच्या गाण्यावर शिक्षक नाराज, पण जनता त्याला सोडेना, आणि विजेत्या जोडीत तो होताच. २००८ मध्ये बीबीसीच्या नाचाच्या कार्यक्रमात राजकीय पत्रकार जॉन सार्जंट इतके वाईट नाचायचे की परीक्षक कपाळाला हात लावायचे, आणि प्रेक्षक हट्टाने दर आठवड्याला त्यांना वाचवायचे. शेवटी सार्जंट स्वतःच बाहेर पडले. आपण खरोखरच जिंकलो तर काय, ही भीती! अमेरिकेतल्या त्याच जातीच्या कार्यक्रमात २०१८ मध्ये रेडिओवरचा बॉबी बोन्स परीक्षकांचे कमी गुण असूनही जिंकला, आणि पुढच्याच पर्वात तळाच्या जोड्यांपैकी कुणाला ठेवायचं हे परीक्षकांच्या हाती दिलं गेलं. लोकशाही हवी, पण इतकी नको, असा हा तोडगा.

जाणकारच सर्वेसर्वा असलेला कार्यक्रम पाहायचा तर ब्रिटनचा 'बेक ऑफ' पाहावा. तंबूत बारा-तेरा हौशी माणसं, दोन परीक्षक, एक फेरी अशी की कुठला पदार्थ कुणाचा हे परीक्षकांना माहीतच नसतं, आणि शेवटी बक्षीस म्हणून केक ठेवायचं एक तबक. ना रोख रक्कम, ना जनतेची मतं. म्हणूनच तिथले स्पर्धक एकमेकांचं क्रीम वितळू नये म्हणून धावताना दिसतात. दुसऱ्याला पाडून काहीच मिळत नसेल तर माणूस सहसा पाडत नाही.

आणि घरचंच उदाहरण द्यायचं तर पुण्यातला पुरुषोत्तम करंडक. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही म्हणून तो कुणालाच दिला नाही. खूप ओरड झाली. विद्यार्थी चिडले, माझा एक भाचा तर दोन दिवस जेवताना बोलेना. मला मात्र तेव्हा वाटून गेलं की दूरदर्शनच्या संचावर ज्या दिवशी असा निर्णय होईल त्या दिवशी मी या कार्यक्रमांना स्पर्धा म्हणेन. होणार नाही, हे उघड आहे. प्रायोजकाला फटाके आणि रंगीत कागद उडवायचे असतात, कुणाच्या तरी डोक्यावर ते पडायला हवेत.

मतांवर निकाल ठरतो म्हटलं की मोजतो कोण, हा प्रश्न येतोच. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजुषांमध्ये आवडत्या स्पर्धकांना उत्तरं आधी पुरवली जात असल्याचं उघडकीला आलं, संसदेपुढे चौकशी झाली आणि १९६० मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत हेराफेरी हा गुन्हा ठरला. 'सर्व्हायव्हर'च्या मतपत्रिका कॅमेऱ्यासमोर एकेक उलगडून वाचतात. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये फोनवरच्या मतदानातले गैरप्रकार बाहेर आले. फोनचे पैसे घेत राहायचे आणि विजेता मात्र आधीच निवडून ठेवायचा, असले प्रकार. तिथल्या नियामकाने जीएमटीव्हीला २० लाख पौंड आणि पुढच्या वर्षी आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड केला. आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती'च्या २००७ मधल्या प्रेक्षकांसाठीच्या स्पर्धेत एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे घेतले जात होते. बक्षीस त्याच पैशातून दिलं जातं, असा आक्षेप घेत ग्राहक संघटना राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. २००८ मध्ये आयोगाने एक कोटीचा दंड सुनावला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आणि 'बिग बॉस'मध्ये कुणाला किती मतं पडली हे आकडे वाहिनी सांगतच नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक पर्वानंतर 'आधीच ठरलेलं होतं' ही कुजबुज असते. मला त्या कुजबुजीवर विश्वास ठेवायला पुरावा दिसत नाही. पण आकडे न दाखवणाऱ्याने संशयाची तक्रार करू नये. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हरलेल्यालासुद्धा आपल्याला किती पडली ते कळतं.

त्यात पुन्हा एक मत असं आहे जे मोजलंच जात नाही: निवेदकाचं. महेश मांजरेकर असोत की रितेश, शनिवार-रविवारची शाळा भरते तेव्हा घरातल्यांना बाहेरच्या जगाची पहिली बातमी लागते. कुणाला झापलं, कुणाकडे पाहून हसले, कुणाच्या मुद्द्याला 'बरोबर' म्हणाले, यावरून सोमवारी घरातले गट फिरतात. बंद घराला असलेली ही एकमेव खिडकी, आणि तिच्यातून काय दाखवायचं ते वाहिनी ठरवते. मांजरेकरांची चावडी म्हणा की रितेशचा धक्का, पंच तोच आणि वार्ताहरही तोच.

कारस्थानांच्या खेळात ना जनता ना जाणकार, असाही एक प्रकार हल्ली आला आहे. नेदरलँड्समध्ये २०२१ मध्ये जन्मलेला आणि २०२५ मध्ये करण जोहर घेऊन आलेला 'द ट्रेटर्स'. गद्दार शोधा नाहीतर पैसे गमवा. तिथे उर्फी जावेद आणि पोकर खेळणारी निकिता लूथर जिंकल्या. त्यावर 'ती जिंकायला नको होती' असा वाद मी फारसा ऐकला नाही. खेळात निकाल खेळानेच दिला की कट्ट्यावर बोलायला फार उरत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो आपल्याकडे 'बिग बॉस'ची जागा घेणार नाही.

जिंकण्याचं पुढे काय होतं, हाही हिशेब एकदा मांडून पाहावा. 'फेम गुरुकुल'मधून काझी जिंकत असताना जो बंगाली मुलगा मध्येच बाहेर पडला त्याचं नाव अरिजित सिंग. 'अमेरिकन आयडॉल'मध्ये २००४ साली सातव्या क्रमांकावर गेलेल्या जेनिफर हडसनला तीन वर्षांनी ऑस्कर मिळालं. सूरजच्या विजयाच्या रात्रीच वाहिनीची धुरा सांभाळणाऱ्या केदार शिंदे यांनी त्याला घेऊन चित्रपटाची घोषणा केली. तो 'झापुक झुपूक' एप्रिल २०२५ मध्ये आला आणि मतं देणारे हात तिकीट काढायला तितक्याशा उत्साहाने वळले नाहीत. मत फुकट असतं, तिकीट नसतं.

फेब्रुवारी २००९ मध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये 'लिटल चॅम्प्स'च्या अंतिम फेरीच्या आधी घराघरात मोबाइल फिरत होते. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. समोर परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, गुणांत 'ध' की 'नी' एवढ्यावर श्वास अडकायचे. शेजारच्या काकूंना एसएमएस टाइप करता येत नव्हता, म्हणून त्या आमच्याकडे फोन घेऊन आल्या आणि मी 'आर्या' लिहीपर्यंत चष्मा लावून बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या कुणाचं नाव लिहीन अशी त्यांना भीती. आळंदीची कार्तिकी जिंकली. काकू दोन आठवडे त्याच विषयावर होत्या. २०२१ मध्ये तेच पाच जण त्याच कार्यक्रमात ज्युरी म्हणून खुर्च्यांवर बसले. पहिल्या भागाच्या रात्री काकूंचा फोन आला. आता त्या आपल्या लेकीकडे अमेरिकेत असतात, मोबाइल झकास चालवतात. म्हणाल्या, "बघितलंस का रे? तेव्हाच म्हटलं होतं, आर्याच जिंकायला हवी होती."